पत्ता

एकतीस वर्षं मी या गावात टपाल वाटलं.
पाकिटावर कधी यावोरिश्चे, कधी युहारफालू,
शिक्का व्हिएन्नाचा असला तर आहोर्नडॉर्फ.
तिन्हींचा अर्थ एकच, मॅपलचं गाव.
मॅपल एकही नाही.
शेवटचा म्हणे पहिल्या महायुद्धाच्या हिवाळ्यात
शाळेच्या शेगडीत गेला.

घरं एक्क्याऐंशी. धूर चौतीस घरांतून.
रस्ता एकच. चर्चपाशी जरा वाकतो
घंटावाल्या मिखोच्या पाठीसारखा,
आणि ओढ्यापाशी संपतो.
संपत नाही खरं तर. आता तो पलीकडे जातो.
मला अजून सवय झालेली नाही.

आलो ऊना नदीकडून, तुर्की घोड्यांच्या पुढे पळत.
इथल्या कुणा उमरावाला ओसाड जमीन कसायला माणसं हवी होती.
त्याला पावणेपाचशे वर्षं झाली,
तरी कुणी शिंकलं की म्हातारे म्हणतात,
"तिकडचा वारा लागला."
तिकडे म्हणजे कुठे? हात दक्षिणेला उचलतात,
डुकरांच्या खुराड्यावरून, अंदाजाने.

येताना शब्द आणले. वाटेत सांडले नाहीत तेवढे.
आज झाग्रेबला गेलं तर दुकानातली पोरगी हसते,
म्हणते, माझी खापरपणजी असं बोलत असेल.
"काय?" असं विचारायचं तर आम्ही म्हणतो, "चा?"

तेवीस साली हद्द आखायला समिती आली,
मोटारीतून, घडीचं टेबल घेऊन.
त्यात एक जपानी होता.
गाव अजून त्याच्या टोपीबद्दल बोलतं.
दुभाष्यामार्फत त्यांनी यांद्रे कुझ्मिचला विचारलं,
"तू कोणत्या देशाचा?"
यांद्रे ठार बहिरा. म्हणाला,
"चा?"
त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

दगड बसले. मळा तिकडे, तळघर इकडे.
द्राक्षं परवाना काढून घरी यायची.

मग तार आली. तारेच्या आत नांगरलेल्या मातीची पट्टी.
रोज संध्याकाळी शिपाई ती दाताळ्याने विंचरायचे,
पाऊल उमटलं तर दिसावं म्हणून.
इतक्या निगुतीने राखलेली जमीन
आमच्यात कुणाची नव्हती.
ससा तारेला लागला तरी चौकीत घंटा वाजायची,
कुत्री, दिवे, धावाधाव,
आणि सकाळी दुकानात कुणीही कुणाकडे न बघता
मीठ मागायचं.

एकदा ससा नव्हता.
ओर्शाचा धाकटा होता, लोव्रे. एकोणीस वर्षांचा.
सकाळी पट्टी विंचरलेली होती.
कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही.
पुढे बावीस वर्षं मी ओर्शाला टपाल दिलं:
विजेचं बिल, पेन्शन, बियाण्यांची यादी.
दरवेळी ती पाकीट उलटं करून
पाठवणाऱ्याचं नाव बघायची.
बियाण्यांच्या यादीचंसुद्धा.

तार निघाली त्या उन्हाळ्यात
मिखोने चाळीस मीटर उचलून आणली.
टोमॅटो चांगले चढले तिच्यावर.

आता पहाटे साडेचारला मोटारी निघतात,
पलीकडच्या हॉटेलांत भांडी घासायला, चादरी बदलायला.
चौकीत कुणी नसतं. खिडकीत पाकोळ्यांचं घरटं आहे.
मुलं दोन्हीकडच्या भाषांत भांडतात,
आमच्या भाषेत फक्त कुत्र्याला हाका मारतात.
कुत्र्याला कळतं.

ओर्शा फेब्रुवारीत गेली. नातलग कुणी नाही,
म्हणून कबरीच्या दगडाचं माझ्याकडे आलं.
पलीकडच्या पाथरवटाचा फोन.
नाव आलं, तारखा आल्या,
आता गावाचं नाव कुठलं कोरू, असं तो जर्मनमध्ये विचारत असावा.
मागे करवत चालू होती.
मला नीट ऐकू आलं नाही,
आणि माझ्या तोंडून जे निघालं
ते त्याने लिहून घेतलं.